हवा नसलेल्या ग्रहावरचं कुंकू

विलासनं लिंक पाठवली. विलास माझा पाठचा भाऊ, साताऱ्याला असतो, हार्डवेअरचं दुकान आहे. एरवी त्याचा मेसेज म्हणजे दिवाळीला पणती आणि संक्रांतीला तिळगूळ, तेही सगळ्या गावाला एकदम ढकललेलं. ह्या वेळी लिंक आणि खाली एक ओळ: "ताई, हे बघ आणि फोन कर."

मी मेथी निवडत होते. हात पुसले, चष्मा लावला. फोनवर एक दाढीवाला पोरगा, उलटी टोपी, मागे लाल-निळे दिवे. जुन्या मराठी मालिकांतल्या चुका काढणं हा त्याचा उद्योग. "मित्रांनो, आज आपण घेतोय आपल्या मम्मी-पप्पांच्या जमान्यातली विज्ञानमालिका! भागाचं नाव, हवा नसलेलं गाव. गावात हवा नाय, पण चुका बघा किती भरल्यात!" पाठोपाठ कुठून तरी आणून चिकटवलेलं माणसांचं हसू.

शास्त्रज्ञ सांगतोय की ह्या ग्रहावर हवा नाही, आणि त्याच्या मागे दोरीवर कपडे फडफडतायत. पोरानं तिथं बाण काढला. त्यातली पट्ट्यापट्ट्यांची चादर आमची होती. मग कावळा ओरडला, त्यावर हसू. मग एक कुत्रं परग्रहवासीयांच्या मधून आरामात चालत गेलं, त्यावर जास्त हसू. मग पोरानं कथेतलं भोक दाखवलं: "बॉस, सुरुवातीला सांगतात की इथं कुणी मरतच नाय. मग शेवटी तो आजोबा कसा मेला? आणि मेला तर सगळे रडले कसे? ह्यांना रडायला शिकवलं कुणी?" हे बरोबर होतं. मला लहानपणीही हा प्रश्न पडला होता.

आणि मग आई आली पडद्यावर.

चंदेरी झगा, केस मागे चापून बसवलेले. पस्तिशीही गाठली नव्हती तिनं तेव्हा. "आता ही बाई बघा. ह्या शॉटला कपाळ एकदम कोरं. पुढच्या शॉटला, हे बघा, एवढं मोठं कुंकू! भाई, ह्या ग्रहावर दोन शॉटच्या मधे लग्नं लागतात!" हसू. "अजून संपलं नाय. पॉज करतो. कोपऱ्यात काय दिसतंय? हात! मेकअपवाल्याचा हात फ्रेममधे राहिलाय. बोट लाल आहे बघा, लालभडक!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या पोराच्या दोन थोबाडीत ठेवून द्याव्यात असं वाटलं. त्याला बिचाऱ्याला काय माहीत! पण माहीत नसताना किती जोरात हसता येतं माणसाला. आत आई झोपली होती. मी फोनचा आवाज बंद केला आणि तेच ते पुन्हा पुन्हा बघत राहिले. आईचा हलता, चालता, तरुण चेहरा मी मधल्या सगळ्या वर्षांत पाहिलाच नव्हता. आमच्याकडे तिचे फोटो आहेत ते रेशन कार्डावरचे आणि लग्नातले, दोन्हींत ती घाबरलेली.

त्या काळी आम्ही नेरूळला राहायचो. आता खारघरला बाविसाव्या मजल्यावर राहते मी, खाली मेट्रो खेळण्यातली दिसते, आणि लोकांना सांगूनही पटत नाही की नेरूळला तेव्हा चिटपाखरू नसायचं. वडील गेले आणि त्यांनी हप्त्यावर घेतलेल्या त्या एका खोलीत आम्ही तिघं उरलो. इमारती होत्या, नंबर घातलेल्या, सगळ्या एका मापाच्या. अर्ध्या खोल्यांना कुलपं. रस्ते रुंद आणि त्यांवरून जायला कुणी नाही. सेक्टर संपला की चिखल, चिखलाच्या पलीकडे खाडी, आणि ओहोटी लागली की तो वास, खारट, कुजका, जरासा गोडसर, तो वाळत घातलेल्या कपड्यांतसुद्धा उतरायचा. साताऱ्याहून येणारी आमची आजी नाकाला पदर लावून म्हणायची, "माणसं ऱ्हात्यात व्हय हितं!" मला मात्र तो वास आवडायचा. आता खाडी तिथंच आहे, वास कुठं गेला कुणास ठाऊक.

आई बालवाडीत मदतनीस होती. दुपारी घरी आली की आमच्या जिन्यातल्या बायकांच्या घरून तिला हाका सुरू व्हायच्या. "जाधवबाई, जरा येता का?" चकलीचं पीठ मळायला जाधवबाई, गोधडीला टाके घालायला जाधवबाई, बाळंतिणीच्या अंगाला तेल लावायला जाधवबाई. चकल्या पाडायला आई लागायची, ओटी भरायला नको असायची. हळदीकुंकू असलं की ती आपणहून पाण्याचा हंडा उचलायची आणि खालच्या नळावर जाऊन बसायची, नळाला पाणी असो नसो. कुणी तिला जा म्हणायचं नाही. कशाला म्हणतील? तिला स्वतःलाच कळायचं, मग ह्यांची तोंडं कशाला खराब होतील? समोरच्या देसाईकाकू मनानं चांगल्या, असं आई सांगायची. चांगल्याच होत्या. चांगल्या माणसांनीच केलं सगळं.

तर मालिकावाल्यांना एक परग्रह हवा होता आणि त्यांच्याकडे तो उभा करायला काही नव्हतं. दिग्दर्शकानं आमचा सेक्टर पाहिला आणि म्हणाला, हाच तो ग्रह. बायका काय खूश झाल्या! आपण असल्या ओसाडीत राहतो हे गावच्या लोकांना सांगायची चोरी होती, ते आता टीव्हीच सांगणार होता, ह्याचा एवढा कसला आनंद झाला त्यांना कोण जाणे. परग्रहावरचे रहिवासी म्हणून आमच्याच जिन्यातल्या बायका घेतल्या. चंदेरी रेक्झिनचे झगे आले, आणि त्यांना जोडायच्या सोल्युशनचा असा उग्र वास की डोळ्यांतून पाणी. त्या वासात पावडरचा वास, आणि नेरूळ गावातून सुक्या बोंबलाची पाटी घेऊन आलेल्या मासेवालीचा वास. ती पाटी उतरवून जिन्याशी उभी राहिली. "काय गो बाय, सरकस हाय काय?" तिला कुणी उत्तर दिलं नाही, तर ती बसलीच तिथं, बोंबील न विकता शूटिंग संपेपर्यंत.

दिग्दर्शकानं बायकांना समजावून सांगितलं. तो हळू बोलायचा, शब्दाशब्दाला प्लीज म्हणायचा. "इथं कुणी मरत नाही. म्हणून इथं लग्नं नाहीत. म्हणून कुंकू नाही, मंगळसूत्र नाही, बांगड्या नाहीत. प्लीज." बायकांचे चेहरे बघण्यासारखे झाले. शेवटी बांगड्या निघाल्या, कपाळं पुसली गेली, पण मंगळसूत्र काढायला एकीनंही हात उचलला नाही. मग ती झग्याच्या आत चिकटपट्टीनं चिकटवली. आणि सगळ्या ओळीनं उभ्या राहिल्या तेव्हा मला एक गंमत दिसली. देसाईकाकूंचं कपाळ आणि आईचं कपाळ सारखंच होतं. सगळ्यांचीच कपाळं सारखी. कोण कोण आहे ते सांगता येईना. आई मधोमध उभी होती. एरवी ती कुठंही जायची ती कडेला. त्या दिवशी कॅमेरावाल्यानं तिला हात धरून पुढे आणलं, "ताई, तुमचा चेहरा छान आहे, तुम्ही पुढे या," आणि ती आली. मी जिन्यावर बसून बघत होते. विलास माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता. मला इतकं बरं वाटत होतं की सांगता येत नाही.

पण वार होता गुरुवार, महिना मार्गशीर्ष, आणि त्यातला शेवटचा गुरुवार. देसाईकाकूंचं उद्यापन. घरात कलश मांडलेला, केळी आणलेली, संध्याकाळी सवाष्णींना बोलावलेलं आणि सवाष्णी सगळ्या चंदेरी झग्यात अडकलेल्या. चहाची सुट्टी झाली तसं काकूंना राहवेना. शूटिंग किती लांबेल काय सांगावं! त्या वर गेल्या आणि तबक घेऊन खाली आल्या. जिन्याच्या मधल्या मोकळ्या जागेत, परग्रहावरच्या सगळ्या बायकांनी एकमेकींना हळदीकुंकू लावलं. उदबत्तीचा वास, सोल्युशनचा वास, एकेक केळं हातात. आईनं हंडा उचलला आणि नळावर गेली. चंदेरी झगा घालून, हंडा घेऊन.

सुट्टी संपली आणि दिग्दर्शक किंचाळला. प्लीज-बिज सगळं विसरला. "कुणी लावलं हे? पुसा! आधी पुसा!" काकू पुढे आल्या, कमरेवर हात. "देवीचं कुंकू आहे हो ते. आज पुसायचं? शुभ बोला जरा! तुमचं शूटिंग राहिलं तर राहू दे." बाकीच्या त्यांच्या मागे घट्ट उभ्या. ऊन उतरत होतं. दिग्दर्शकाचे मदतनीस घड्याळ दाखवत होते. दिग्दर्शकानं डोकं धरलं, मग हात झटकले. "राहू द्या. सगळ्यांना आहे ना? मग चालेल, कुणाला कळतंय." तेवढ्यात कॅमेरावाला म्हणाला, "पुढच्या ताईंना नाहीये." दिग्दर्शक म्हणाला, "मग त्यांना लावा! मेकअप!"

मेकअपवाला एक पोक्त माणूस होता, गिरगावातला, पान खाणारा. तो आपला डबा घेऊन आईजवळ गेला. कॅमेरा सुरू झालेला होता. तो काही तरी बोलला, मला ऐकू आलं नाही. मग त्यानं बोट लावलं आणि बाजूला झाला. जिन्यातल्या बायकांत एकदम चिडीचूप.  शूटिंग पुरं झालं, झगे परत गेले, आणि संध्याकाळी काकूंनी त्यांच्या मुलीबरोबर प्रसादाचं केळं पाठवलं, दारातूनच. त्यानंतर "जाधवबाई, जरा येता का" ही हाक कमी कमी होत गेली आणि मग थांबली. त्या संध्याकाळी आई तोंड धुऊन आली होती, स्टोव्ह पेटवत होती. मला म्हणाली, "केळं खा." मी खाल्लं.

तो भाग लागला मे महिन्यात. आम्ही दोघं सुट्टीला आजीकडे, गावी. आई बालवाडीमुळे नेरूळलाच. गावात एकच टीव्ही, चावडीवर. आमची सून टीव्हीत येणार म्हणून काकांनी स्वतः सगळ्यांना आवतण दिलं होतं, हे मला विसरता येत नाही. आजीला खुर्ची. आम्ही पुढे, फरशीवर. चावडीत विडीचा धूर, माणसांच्या घामाचा वास, बाहेर कुणाचा तरी बैल गळ्यातल्या घुंगरांसकट मान हलवत उभा. आई दिसली तसा विलास उठून नाचायला लागला, "आई! माझी आई!" लोक हसले, कौतुकानं. मग कपाळावर कुंकू असलेली आई दिसली. विलास नाचतच होता, त्याला काय कळतंय! बाकी कुणी हसत नव्हतं. आजी उठली आणि घराकडे चालू लागली.

रात्री जेवणं झाली नाहीत. मी काकांना सांगितलं. ओरडून सांगितलं, "मेकअपवाल्यानं लावलं! मी होते तिथं! सगळ्यांना होतं म्हणून लावलं!" काका म्हणाले, "तू गप. लहान तोंडी मोठा घास घिऊ नगंस." मी पुन्हा सांगितलं तर काकांच्या बायकोनं, आमच्या काकूनं, मला आत ओढलं. दुसऱ्या आठवड्यात आई आली. ओसरीवर तिला उभं करून काकांनी विचारलं, "शूटिंगवाल्यांनी लावलं, का तुझ्या मनानं लावून घेतलंस?" एवढं सोपं होतं. दोन शब्द बोलायचे होते. आई पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत उभी राहिली आणि बोलली नाही. जाताना काका म्हणाले, "पोरगी घिऊन जा. पोरगा आमच्या घराण्याचा हाय, त्यो हितंच ऱ्हाईल." आणि आईनं मला घेतलं आणि आम्ही एसटीत बसलो. ती का भांडली नाही, मला कधी कळलं नाही. त्या पोरानं मालिकेतलं भोक दाखवलं ना, हे आमचं.

मग गावानं बाकीची गोष्ट रचली. मुंबईला तिनं माणूस केला म्हणे. मेकअपवाला नाही तर कॅमेरावाला, ज्याला जो आवडेल तो. विलास ते ऐकत मोठा झाला. तो काकूला आई म्हणायला लागला आणि आईला "नेरूळच्या". आई सुट्टीत खाऊ घेऊन जायची तर हा माळ्यावर जाऊन बसायचा. पुढे स्वतःच्या लग्नाला तिला बोलावलं, पण अक्षता टाकायला, पुढे बसायला नाही. कधी कामासाठी मुंबईला आलाच तर आमच्याकडे उभ्या उभ्या यायचा, आणि पाणी ठेवलं तरी पेल्याला हात लावायचा नाही. आई तो पेला तसाच ठेवायची, पुष्कळ वेळ.

तर आता हा व्हिडिओ. मी फोन केला. पलीकडे विलास रडत होता, ह्या वयात, दुकानात बसून. "ताई, हात दिसतोय गं. त्या माणसाचा हात दिसतोय स्पष्ट. तू खरं सांगत व्हतीस. लावलं तिला त्यांनी. तिचा काय दोष!" मला वाटलं, म्हणावं, अरे गाढवा, मी घसा फोडून सांगत होते तेव्हा तुम्हां कुणाला ऐकू गेलं नाही, आणि एका टोपीवाल्या पोरानं खिदळत सांगितलं ते पटलं? माझ्या डोळ्यांना किंमत नव्हती, फोनला आहे? जीभ आवरली. आई थकलीय. ऐकू कमी येतं, गुडघे गेलेत. वर्षभर तिचं एकच चाललंय, "इलास येईल का गं एकदा? दोन घास खाईल का माझ्या हातचं?" म्हटलं, "रविवारी ये."

मधल्या दिवसांत मी नेरूळला जाऊन आले, उगाच. आमची इमारत पुनर्विकासाला गेलीय, भोवती निळे पत्रे. वॉचमन म्हणाला, "अंदर कोई नहीं है मॅडम." म्हटलं, मला माहीत आहे. पत्र्याच्या फटीतून जिना दिसत होता, बाकी काही नाही. येताना बसमधे मी पुन्हा तो तुकडा बघितला, बोटांनी मोठा करून. हात येतो, त्याच्या जरा आधी आई मान वर करते आणि डोळे मिटते. बस इतकंच. मी फोन बंद करून पर्समधे टाकला आणि ठरवलं की हे आपण पाहिलेलं नाही.

रविवारी विलास आला. हातात पेढे, आईसाठी लुगडं. आईला सकाळपासून हुरूप आला होता, मला हात लावू न देता तिनं पुरण वाटलं होतं, पोळ्या लाटल्या होत्या. त्यानं खाली बसून तिच्या पायांवर डोकं ठेवलं. "आई, चुकलं माझं. मला म्हाईत न्हवतं. त्या माणसानं तुला इचारलं न्हाय, सवरलं न्हाय, जबरदस्तीनं लावलं. तू तोंडातनं बरं काढलं न्हाईस?" आई त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होती. टक्कल पडलंय त्याला. तूप कढल्याचा वास येत होता. मी मनात म्हणत होते, झालं, देवा, झालं एकदाचं.

आईचा हात थांबला. "जबरदस्ती न्हाय रं," ती म्हणाली. "चांगला व्हता त्यो माणूस. त्यानं इचारलं मला. म्हणला, ताई, लावू का? तुमची हरकत असंल तर मी साहेबांस्नी न्हाय म्हणून सांगतो."

मी म्हटलं, "आई, पोळी वाढू ना त्याला?"

"थांब गं. म्या म्हणलं, लाव." तिनं विलासची हनुवटी धरून तोंड वर केलं. "सगळ्या बायका लावून उभ्या व्हत्या. मला बी पायजे व्हतं. लई बरं वाटलं मला, इलास."

  विलासनं तोंडावरून हात फिरवला, उठला, पिशवी उचलली, पुन्हा खाली ठेवली कारण ती आईसाठीच आणलेली होती. "गाडी पकडायचीय," म्हणाला. ताटातली पोळी तशीच होती, तूप घातलेली, एक तुकडाही मोडलेला नाही. दारात चपला घालताना माझ्याकडे बघून बोलला, "त्यांना जप." लिफ्ट आली, गेला.

मी फिरले आणि आईवर तुटून पडले. काय काय बोलले मी! "गप्प राहायचं होतंस! काकांच्या समोर गप्प राहिलीस तेव्हा पोरगा गेला, आणि आज गप्प राहायची वेळ होती तर बोललीस! कुणी विचारलं होतं तुला? तो माफ करायला आला होता, आई! जेवायला बसला होता!"

आईनं त्याचं ताट स्वतःपुढे ओढलं. "आगं, इतकी वरसं त्यो रागावला, तर माझ्यावर रागावला," ती म्हणाली. "आज जिच्या पायावर डोकं ठिवलं, ती कोण व्हती? मी तर न्हवं." मग तिनं त्याच्या ताटातली पोळी मोडली, अर्धी मला दिली आणि जेवायला लागली. मी ती अर्धी पोळी हातात धरून उभी होते. मला तिचा इतका राग आला होता, आणि तो आजही गेलेला नाही.